डॉ. आंबेडकर आणि शिरगणती

दरवर्षी एप्रिलच्या चौदा तारखेला आपल्या महाविद्यालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रतिमेला हार घातला जातो. महाडचे तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी हे टप्पे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतील वक्ते सांगतात, आणि ते सांगितलेच पाहिजेत. मी संख्याशास्त्राचा शिक्षक. त्यामुळे असेल कदाचित, पण हे चरित्र वाचताना माझे लक्ष वारंवार एका निराळ्या धाग्याकडे जाते. आपले लोक या देशात आहेत तरी किती, या एका प्रश्नाच्या मागे हा माणूस जवळजवळ जन्मभर होता. प्रश्न प्राथमिक शाळेतल्या बेरजेइतका सोपा वाटतो. मग त्याचे उत्तर मिळायला पन्नास वर्षे का लागली, आणि मिळालेले उत्तर पुन्हा पुन्हा हातून का निसटले, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा माझा प्रयत्न आहे.

या धाग्याचे पहिले टोक मला इंदुरात सापडले. इंदूरला माझ्या मावशीचे घर होते. होळकरांच्या मागोमाग माळव्यात गेलेल्या आणि तिथेच रुजलेल्या मराठी घरांपैकी ते एक. सुट्टीत तिच्याकडे गेलो की राजवाडा आणि सराफा पाहून होई, आणि एक दिवस महूला जायचे ठरलेले असे. महू इंदूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. पुढे २००३ साली त्या गावाला डॉ. आंबेडकर नगर असे नाव मिळाले आणि जन्मस्थानी आता भव्य स्मारक आहे. मूळचे महू मात्र लष्करी छावणीचे गाव. कोकणातल्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावच्या रामजी मालोजी सकपाळांचा या माळव्याशी संबंध आला तो पलटणीमुळे. ते सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवीत. त्यांचे आणि भीमाबाईंचे चौदावे अपत्य येथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मले.

आता एक योगायोग पाहा. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीच्या रात्री सबंध हिंदुस्थानची शिरगणती झाली होती. म्हणजे भीमराव सत्तेचाळीस दिवसांनी उशिरा आले. ज्याने पुढे शिरगणतीच्या कोष्टकांचा एवढा कीस काढला, तो पहिल्याच मोजणीतून सुटला. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे मी वर्गात नेहमी सांगतो, म्हणून तो तेवढ्यावरच सोडून देतो.

त्या काळच्या शिरगणतीची रीत मात्र समजून घेतली पाहिजे. १८८१ च्या मोजणीत जातींची नावे आणि माणसे यांची यादी झाली, पण अस्पृश्य कोण आणि किती, असा हिशेब कोणी मांडला नाही. १८९१ साली जातींचे गट पाडण्याचा प्रयत्न झाला. १९०१ साली रिस्ले या अधिकाऱ्याने लोकमान्यतेनुसार जातींचा उच्चनीच क्रम लावायचे ठरवले. परिणाम असा झाला, की जो तो आपली जात वरच्या पायरीवर लिहून घेण्यासाठी अर्ज करू लागला. पुढच्या शिरगणतीच्या वेळी एकट्या बंगालमध्ये आलेल्या अशा अर्जांचे वजन दीड मण भरले, अशी नोंद आहे. मोजणारा केवळ विचारतो आणि लिहितो, हा भ्रम तिथेच फिटायला हवा होता. प्रश्न विचारला की माणूस त्याचे उत्तर मनातल्या मनात तोलतो, आणि ते कोणाच्या वहीत जाणार आहे हे पाहून देतो.

हे सत्य लहानग्या भीमरावाला कोणत्याही अहवालातून शिकावे लागले नाही. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. आई लवकरच वारली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. घराण्याचे नाव सकपाळ, गावाचे नाव आंबडवे आणि पटावर आंबेडकर. नोंद माणसाला कसा नवा आकार देते, त्याचा हा एक निरुपद्रवी नमुना. वर्गात मात्र त्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे.

पुढच्याच वर्षी वडील दुष्काळी कामावर खटाव तालुक्यात होते. त्यांच्याकडे जाण्यासाठी भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे अशी मुले आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. घ्यायला कोणी आले नव्हते. नीटनेटके कपडे घातलेली ही मुले पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, तुम्ही कोण म्हणून विचारले. भीमरावाने सरळपणे खरे ते सांगितले. स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला आणि तो दूर निघून गेला. गाडीवाले दुप्पट भाडे घेऊन तयार झाले, तेही मुलांनी स्वतः बैल हाकायचे या अटीवर. रात्री नाक्यावर पाणी मागायची वेळ आली, तेव्हा बरोबरच्या गाडीवानाने शहाणपण शिकवले. त्याच्या सल्ल्यावरून भीमरावाने नाकेदाराला आपण मुसलमान असल्याचे सांगितले आणि उर्दूतून बोलणे केले. पाणी तरीही मिळाले नाही.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः वेटिंग फॉर अ व्हिसा या आठवणींत लिहून ठेवला आहे. तो वाचताना संख्याशास्त्राचा शिक्षक म्हणून माझ्या मनात एक विचार येतो. त्या नाकेदाराच्या हाती शिरगणतीचा तक्ता असता, तर त्या रात्री मुसलमानांच्या रकान्यात चार नावे वाढली असती आणि महारांच्या रकान्यात चार घटली असती. नाकेदाराने प्रामाणिकपणे लिहिले असते, बेरीज अचूक आली असती आणि आकडा खोटा ठरला असता. खोटे बोलणाऱ्या मुलाला दोष द्यायचा, तर काही तासांपूर्वी खरे बोलल्याबद्दल त्याला काय मिळाले होते तेही पाहावे लागते.

असेच पुन्हा एकदा घडले, आणि या वेळी ते थोर विद्याविभूषित गृहस्थ होते. १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए., मग सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ. तेथे मे १९१६ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील जातींच्या घडणीवर निबंध वाचला. तेथून ते लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा शहरात राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत सोय झाली, पण तेथे पारश्यांखेरीज इतरांना मज्जाव, म्हणून वहीत एक पारशी नाव घालावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. म्हणजे या एका माणसाच्या आयुष्यात दोन नोंदी अशा, की एकीत तो मुसलमान आहे आणि दुसरीत पारशी. पुढे अस्पृश्यांचा खरा आकडा मागणारा माणूस खोट्या आकड्याची उत्पत्ती अशी आतून जाणत होता.

मुंबईत सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत असतानाच, जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी मताधिकारासंबंधीच्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. अस्पृश्यांना प्रतिनिधित्व हवे, आणि ते त्यांच्या संख्येशी जुळणारे हवे, हा मुद्दा त्यांनी तेथे मांडला. पण संख्या कोणती धरायची? १९१७ साली सरकारच्या एका अंदाजात ही संख्या ३ कोटी १५ लाख होती, साउथबरो समितीने ४ कोटी २२ लाख धरली आणि १९२१ च्या शिरगणतीच्या अहवालात ती सुमारे ५ कोटी २७ लाख झाली. चार वर्षांत दोन कोटी माणसे जन्माला आली नव्हती. प्रत्येकाची व्याख्या निराळी होती, इतकेच. कोणी फक्त ज्यांच्या स्पर्शाने विटाळ मानला जातो तेवढेच घेत, कोणी डोंगरी जमाती त्यात मिळवीत, तर कोणी तथाकथित गुन्हेगार जमातीही.

व्याख्येच्या या घोळाला एक इतिहास होता. १९११ च्या शिरगणतीपूर्वी हिंदू म्हणून नोंदल्या जाणाऱ्यांत खरे हिंदू कोण, हे ठरवण्यासाठी दहा कसोट्यांचे एक परिपत्रक निघाले. ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व किंवा वेदांचे प्रामाण्य न मानणारे, ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नाही असे, ज्यांच्या स्पर्शाने विटाळ होतो असे, प्रेते पुरणारे, गोमांस खाणारे, अशा त्या कसोट्या. माळव्याच्या आणि सातपुड्याच्या डोंगरांतील भिल्लांची अडचण याहून वेगळी. त्यांना हिंदू म्हणायचे की निसर्गपूजक, हे पुष्कळदा लिहिणाऱ्याच्या मतावर अवलंबून असे. बाबासाहेबांनी या दहा कसोट्यांचा अभ्यास पुढे अस्पृश्यतेच्या उगमावरील आपल्या १९४८ च्या ग्रंथात केला. सरकारी कारकुनीचा कागद त्यांनी इतिहासाचे साधन म्हणून वापरला.

१९२१ ची शिरगणती झाली तेव्हा ते लंडनमध्ये शिकत होते, त्यामुळे त्या मोजणीतही ते नव्हते. १९२३ साली डी. एस्सी. होऊन परतल्यावर त्यांनी सार्वजनिक कार्याला वाहून घेतले. एप्रिल १९२५ मध्ये आपल्या निपाणीत भरलेल्या मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे ते अध्यक्ष होते, हे आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला.

आणि १९२८ च्या आरंभी इंदूर जिल्ह्यातून ती बातमी आली. बाबासाहेबांनी १९३६ च्या अॅनिहिलेशन ऑफ कास्ट या पुस्तकात तिची सविस्तर नोंद केली आहे. कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या पंधराएक गावांतील पाटील-पटवारी, कलोटा आणि रजपूत यांनी तेथल्या बलाई या अस्पृश्य जातीच्या लोकांना नियम घालून दिले. जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, हिंदूंच्या घरी मृत्यू झाला की दूरच्या नातेवाइकांना निरोप पोचवावा, लग्नात वाजंत्री वाजवावी, बाळंतपणाला बायकांनी जावे आणि मोबदला मिळेल तो घ्यावा. हे मान्य नसेल, त्याने गाव सोडावे. बलाई नमले नाहीत. तेव्हा विहिरी बंद झाल्या, गुरांना चराईची बंदी झाली, शेताकडे जायच्या वाटा अडल्या. इंदूर दरबाराकडे अर्ज गेले, पण वेळेवर दाद लागली नाही. अखेर शेकडो बलाई बायकामुलांसह घरे सोडून धार, देवास, बागली, भोपाळ, ग्वाल्हेर अशा शेजारच्या संस्थानांत निघून गेले.

बिचोली ही आता इंदूर शहराला चिकटलेली वस्ती आहे. मावशीच्या घरच्या एका लग्नासाठी मी त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा रस्त्यावरच्या पाटीवर ते नाव वाचून थबकलो. नव्या इमारती, मंगल कार्यालये, वाहनांची गर्दी. यजमानांपैकी कोणालाही १९२८ ची गोष्ट माहीत नव्हती, आणि मलाही ती इंदुरात कोणी सांगितली नव्हती, पुस्तकात भेटली होती. १९३१ ची शिरगणती त्या घटनेनंतर तीनच वर्षांनी झाली. घर सोडून गेलेला माणूस जिथे असेल तिथे मोजला जातो आणि जिथून गेला तिथला आकडा निमूटपणे घटतो. तक्त्यात घट दिसते, तिचे कारण दिसत नाही. सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षी सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. दलित वर्ग हा शब्द काटेकोर अर्थाने, म्हणजे केवळ अस्पृश्यांसाठी वापरावा, असा त्यांचा आग्रह होता. वर्ग फुगवला की गरज असलेल्याचा वाटा पातळ होतो आणि आकुंचित केला की माणसे वगळली जातात, याची त्यांना जाणीव होती. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचेही ते सदस्य होते. या समितीने १९३० च्या अहवालात अस्पृश्य, आदिवासी व डोंगरी जमाती आणि इतर मागास वर्ग असे तीन वेगळे विभाग सुचवले. आज आपण ज्या तीन याद्या सरावाने उच्चारतो, त्यांच्या मुळांपैकी हे एक आहे.

समितीच्या चौकशीसाठी १९२९ मध्ये ते खानदेशात फिरत होते. चाळीसगावला तेथल्या महार मंडळींनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरून वस्तीवर न्यायला टांगा हवा, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला राजी होईना. तेव्हा टांगा भाड्याने घेतला आणि वस्तीतलाच एकजण, ज्याने पूर्वी टांगा कधी हाकला नव्हता, तो हाकायला बसला. वाटेत मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेब दगडावर आपटले आणि त्यांचा पाय मोडला. माहिती गोळा करण्यातल्या अडचणी आम्ही पाठ्यपुस्तकात क्रमाने लिहितो, नमुना, प्रश्नावली, उत्तर न देणारे वगैरे. माहिती गोळा करणाऱ्यालाच टांगा मिळत नाही, ही अडचण कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी पाहिलेली नाही.

१९३१ च्या फेब्रुवारीत शिरगणती झाली, तेव्हा पहिली गोलमेज परिषद आटोपून बाबासाहेब बोटीने परतत होते. हटन हे या शिरगणतीचे आयुक्त होते. त्यांनी सबंध देशातील अस्पृश्यांची संख्या ५ कोटी २ लाखांच्या आसपास दाखवली. आता आकडा ठरला असे वाटावे, तोच खरी लढाई पुढे आली. मताधिकाराची योजना करण्यासाठी लॉर्ड लोथियन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, बाबासाहेब तिचे सदस्य होते, आणि १९३२ च्या आरंभी तिने प्रांतोप्रांती साक्षी घेतल्या. साक्षीदार मागून साक्षीदार येऊन सांगू लागले, की आमच्या प्रांतात अस्पृश्य नाहीतच, किंवा असले तर नगण्य आहेत.

आकडेच पाहा. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, शिरगणतीने अस्पृश्य १ कोटी २६ लाख मोजले होते. प्रांतिक सरकारने ते ६८ लाख सांगितले. प्रांतिक मताधिकार समितीने सांगितले ६ लाख. बंगालमध्ये शिरगणतीचा आकडा १ कोटी ३ लाख, प्रांतिक सरकारचा १ कोटी १२ लाख आणि मताधिकार समितीचा ७० हजार. बंगालच्या हिशेबात शंभरातला एकही माणूस उरला नाही. रोगराई नाही, दुष्काळ नाही, आणि कोटभर माणसे कागदावरून नाहीशी झाली. बाबासाहेबांनी यावर एक प्रकरण लिहून ठेवले होते. त्यांच्या मृत्यूनंतर महाराष्ट्र शासनाने काढलेल्या लेखनसंग्रहात ते फ्रॉम मिलियन्स टू फ्रॅक्शन्स या नावाने छापले आहे. त्यांचे निदान सरळ होते. जोवर आकड्याचा उपयोग काही नव्हता, तोवर तो कितीही मोठा असला तरी कोणाची हरकत नव्हती. आता आकड्यावर जागा मिळणार होत्या. अस्पृश्यांच्या वाट्याचे इतके दिवस जे दुसरे कोणी उपभोगत होते, ते आकडा मान्य करताच परत करावे लागणार होते. तेव्हा माणसे आहेत हेच नाकबूल करणे सोयीचे झाले.

दुसरी एक पळवाट त्यांनी १ मे १९३२ च्या आपल्या टिपणात बंद केली. आगगाडीत शेजारी बसतात, शहरात रस्त्यावर धक्का लागतो, तेव्हा अस्पृश्यता कुठे राहिली, असा युक्तिवाद होत असे. बाबासाहेबांचे म्हणणे, की कसोटी प्रत्यक्ष स्पर्शाची न धरता मनातल्या भावनेची धरावी. नाइलाजाने झालेला स्पर्श हा अस्पृश्यता गेल्याचा पुरावा होत नाही. मोजमापाच्या शास्त्रातला हा फार खोल विचार आहे. मोजायला सोपे ते मोजायचे आणि ते कमी दिसले की रोग बरा झाला म्हणायचे, ही चूक आम्ही अजूनही करतो.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा जाहीर झाला, गांधीजींचे येरवड्यात उपोषण झाले आणि २४ सप्टेंबरला पुणे करारावर सह्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या. त्यांत संयुक्त प्रांताला २० आणि बंगालला ३० मिळाल्या. सहा लाख आणि सत्तर हजार हे आकडे टिकले असते, तर या जागांचे काय झाले असते याची कल्पना करावी. १९३६ च्या सरकारी आदेशाने व्याख्येचा वाद मिटवून जातींची नावानिशी यादीच केली, तीच अनुसूची. १९४१ च्या शिरगणतीने अनुसूचित जातींची संख्या सुमारे ४ कोटी ८८ लाख दाखवली. ती मोजणी युद्धाच्या धामधुमीत झाली होती, आणि पंजाब-बंगालात धर्माधर्मांच्या चढाओढीने आकडे फुगले होते. बाबासाहेबांना अनुसूचित जातींचा आकडा मान्य नव्हता. ते त्या काळात सहा कोटींचा उल्लेख करीत.

राज्यघटनेत कलम ३४१ आणि ३४२ आले, १९५० साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असावा, अशी अट होती. अपवाद केला होता तो शिखांतील काही जातींचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांचे स्वतःचे चरित्र येथे संपते, पण आकड्यांचे चरित्र पुढे चालूच राहिले.

१९५१ साली महाराष्ट्रात बौद्धांची संख्या अवघी काही हजार होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजार झाली. ज्यांनी अभिमानाने बौद्ध असे लिहिले, ते कायद्याने अनुसूचित जातीच्या रकान्यातून बाहेर पडले. माणूस तोच, वस्ती तीच, विहिरीवरची वागणूकही पुष्कळ ठिकाणी तीच, पण एका रकान्यात लिहिले की दुसऱ्यातून खोडले जायचे. स्वाभिमान लिहावा की सवलत लिहावी, असा पेच घरोघरी पडला. १९९० साली कायदा दुरुस्त होऊन बौद्धांना अनुसूचित जातीत स्थान मिळाले. लगेच १९९१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ च्या सुमारे ७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत कोणती जात अशी दीडपट वाढत नाही. कायद्यातल्या एका शब्दाने ती वाढवली.

या ठिकाणी मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. महाविद्यालयात येण्यापूर्वी मी माध्यमिक शाळेत शिक्षक होतो आणि १९९१ च्या जनगणनेत प्रगणक म्हणून माझी नेमणूक झाली. एका घरी बापाने धर्म हिंदू सांगितला, कॉलेजात जाणाऱ्या मुलाने मध्येच बौद्ध म्हणून दुरुस्ती केली. बापाने मुलाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. मी धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले आणि जुन्या सवयीने पुढचा अनुसूचित जातीचा रकाना कोरा ठेवून पुढल्या घरी गेलो. वर्षभरापूर्वी कायदा बदलला आहे, हे सूचनापुस्तिकेत होते. मी ते पान वाचले नव्हते. रात्री तक्ते तपासताना ते लक्षात आले आणि दुसऱ्या दिवशी परत गेलो. बाप घरी नव्हता. पोराने जात सांगितली, पण काल का विचारले नाही, असे त्याने तोंडाने न म्हणता मला म्हटले. त्या घरी पाच माणसे होती. अशी किती घरे किती जणांच्या हातून कोरी राहिली असतील, हे कोणत्याच कोष्टकात लिहिलेले नाही.

आता पुन्हा मोजणीचे दिवस येत आहेत. १९३१ नंतर सर्व जातींची नोंद जनगणनेत प्रसिद्ध झालेली नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जातीची नावे जशी सांगितली तशी लिहून घेतली, तेव्हा ती ४६ लाखांवर गेली. १९३१ साली ती ४,१४७ होती. आडनाव, गोत्र, पोटजात आणि लेखनातले फरक असे सगळे त्यात मिसळले. आपल्या कर्नाटकात आदि कर्नाटक आणि आदि द्राविड ही नावे लिहिणाऱ्यांची मूळ जात कळेना, म्हणून २०२५ साली न्या. नागमोहन दास आयोगाला नव्याने सर्वेक्षण करावे लागले. त्याच वर्षी ३० एप्रिलला केंद्र सरकारने पुढील जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय जाहीर केला. त्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ असा ठरला आहे. हा लेख वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण तोवर शिक्षक झालेले असतील आणि हातात तक्ता किंवा यंत्र घेऊन दारोदार फिरतील.

त्यांना मी गणिताचे काही सांगणार नाही, ते वर्गात सांगून झाले आहे. सूचनापुस्तिकेचे प्रत्येक पान वाचा, एवढे सांगेन, कारण त्याची किंमत मी पाहिली आहे. आणि एखाद्या दारात, तुम्ही कोण, असे विचारण्यापूर्वी मसूर स्टेशनवर उभ्या असलेल्या त्या मुलांची आठवण ठेवा. समोरचा माणूस आपल्याला खरे सांगेल की नाही, हे पुष्कळसे आपला चेहरा पाहून ठरत असते. १९०१ साली त्या स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला नसता, तर काही तासांनी नाक्यावर त्या मुलाला मुसलमान व्हावे लागले नसते.